उपपदांचे अध्यापन



महाराष्ट्रात सन २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविली जाते. मराठीत उपपद नाही. म्हणून मुलाच्या इंग्रजी वाक्यातून ते गळते. ही त्याची हयगय नव्हे. परंतु ‘एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या’ ही कथनरीत त्याच्या परिचयाची असते. प्रथम उल्लेखी ‘ए किंग’ आणि ओळख झाल्यावर ‘द किंग’, हा भेद तेथूनच उलगडून दाखवावा.

‘ए’ की ‘ॲन’, याचा निर्णय अक्षरावरून नव्हे, तर उच्चारावरून होतो. ‘ॲन अवर’, परंतु ‘ए युनिव्हर्सिटी’. यास्तव हा पाठ आधी तोंडी घ्यावा, फळ्यावर मागाहून.

शिकावयास जाणारे मूल ‘गोज टु स्कूल’; पालकसभेस जाणारा बाप ‘गोज टु द स्कूल’. एवढ्याशा शब्दाने जाण्याचा हेतूच पालटतो. तांबड्या शाईची खूण हा हेतू सांगत नाही. ती वारंवार पडली, की मूल इंग्रजी बोलणेच सोडते. तेव्हा चूक खोडण्यापूर्वी ‘कोणता राजा?’ एवढेच विचारावे. उत्तर शोधता शोधता मुलास उपपदाचे प्रयोजन कळू लागते.