वरिष्ठाचा विश्वास : हेमाद्रीचा धडा

नोकरी पत्करली कीं वरिष्ठ आलाच. तो निवडण्याची मुभा कनिष्ठास सहसा नसते. बदलीचा एक हुकूम येतो, ओळखीचा अंमलदार जातो आणि त्याच्या खुर्चीवर परका माणूस येऊन बसतो. अशा वेळीं कचेरींतले कांहीं लोक नव्या साहेबामागें हांजी हांजी करीत फिरतात. कांहीं जुन्या साहेबाचे पोवाडे गात नव्याशीं फटकून वागतात. या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आहे. त्याचें स्मरण करून देणारें एक नांव हिंगोली जिल्ह्यांत आजही दगडाला चिकटून राहिलें आहे.

औंढा नागनाथाचें देवालय ज्या शैलीचें, तिला लोक हेमाडपंती म्हणतात. हें नांव राजाचें नव्हे, शिल्पकाराचेंही नव्हे; तें देवगिरीच्या यादवांच्या पदरीं असलेल्या एका अधिकाऱ्याचें आहे. हेमाद्रि हा महादेव यादवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा मुख्य होता. 'चतुर्वर्गचिंतामणि' या आपल्या ग्रंथांत त्यानें धन्याच्या कुळाची प्रशस्तिही गाइली आहे.

इ. स. १२७१ च्या सुमारास महादेवामागून त्याचा पुत्र आमण गादीवर आला. परंतु चुलतभाऊ रामचंद्रानें त्याला दूर सारून राज्य घेतलें. महादेवाच्या विश्वासांतल्या माणसाकडे नव्या राजानें संशयानें पाहावें, असाच तो प्रसंग होता. तथापि शके ११९४ च्या, म्हणजे इ. स. १२७२ च्या, ठाणें येथील ताम्रपटांत रामचंद्राच्या कारभाराचा भार वाहणारा अधिकारी म्हणून हेमाद्रीच दिसतो.

याचें मर्म त्याच्या कामांतच शोधावें लागेल. राजा बदलला तरी जमिनीचे हिशेब, दानपत्रें आणि वसुली बदलत नाहीं; त्यांची घडी ज्यानें बसविली, तो नव्या धन्यासही हवाच असतो. हात न उचलतां झरझर लिहितां येणारी मोडी लिपी प्रचारांत आणल्याचें श्रेय परंपरेनें हेमाद्रीस दिलें आहे, तें उगाच नव्हे. मात्र येथें एक भेद ओळखला पाहिजे. कागद मुठींत दाबून वरिष्ठाला अडविणारा माणूसही कांहीं काळ आवश्यक वाटतो. पण त्याची केवळ गरज असते, त्याच्यावर विश्वास नसतो. कागद उघडे ठेवून वरिष्ठाची वाट सोपी करणारा माणूस विश्वास मिळवितो.

दुसरी गोष्ट याहून बोधप्रद आहे. हेमाद्रि स्वतःही वरिष्ठ होता. 'मुग्धबोध' व्याकरणाचा कर्ता पंडित बोपदेव त्याच्या आश्रयास होता. बोपदेवाच्या 'मुक्ताफल' ग्रंथावरील 'कैवल्यदीपिका' ही टीका हेमाद्रीच्या नांवावर आहे. आश्रितानें ग्रंथ लिहावा आणि आश्रयदात्यानें त्यावर टीका लिहून त्याचा मान वाढवावा, असा हा संबंध होता. वरिष्ठाकडून जी कदर आपणांस हवी, ती हाताखालच्यांस देण्यास ज्याचा हात आखडत नाहीं, त्याला वरिष्ठाचें मन कळणें सोपें जातें.

म्हणून नवा साहेब आला कीं प्रथम त्याच्या कामाची रीत विचारून घ्यावी. वाईट बातमी त्याला बाहेरून कळण्यापूर्वीं आपणच सांगावी. मतभेद असेल तर तो एकांतांत, पुराव्यासह आणि नम्रपणें मांडावा. गेलेल्या साहेबाची निंदा मात्र करूं नये; कारण ऐकणारा तेव्हांच ताडतो कीं, उद्यां आपलीही पाळी येणार आहे. खुर्चीवरचा माणूस बदलतो, काम राहतें. आणि त्या कामाशीं जो इमान राखतो, त्याला प्रत्येक नव्या साहेबापुढें नव्यानें लाचार व्हावें लागत नाहीं.