वाटणी चित्राची

(नारायणगाव येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मी आयुष्यभर लोकांच्या गच्चीवर चढून वायरी ओढणारा माणूस. निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांना म्हटलं, मला एकच विषय येतो. घरात एका जागी आलेलं चित्र चार खोल्यांतल्या चार टीव्हींवर नीट कसं पोचवायचं, एवढाच. ते म्हणाले, तेवढंच बोला. तर तेवढंच बोलतो. फक्त त्या वायरीचं दुसरं टोक आपल्या तालुक्यात कुठवर जातं, तेही ओघानं येईल.

सुरुवात शेजारच्या आर्वीपासून. फेब्रुवारी 1972 मध्ये तिथलं उपग्रह भूकेंद्र राष्ट्राला अर्पण झालं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. जवळजवळ 30 मीटर व्यासाची डिश हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली. परदेशचे फोन, टेलेक्स आणि टीव्हीचं चित्रही तिथं उतरू शकत होतं. आणि मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला. म्हणजे महाराष्ट्रात टीव्हीचं केंद्र उघडण्याआधी आकाशातून चित्र उतरवायची सोय जुन्नर तालुक्यात झालेली होती. आज तेच काम दोन फुटांची थाळी करते, आणि ती आपल्या पत्र्यावर असते.

थाळी लहान झाली, घरं मोठी झाली. पूर्वी वाड्यात एक टीव्ही असायचा आणि रविवारी संध्याकाळी अख्खी आळी पुढ्यात बसायची. आता तीन भावांचा बंगला, खाली आई-वडील, वर मुलं. टीव्ही पाच आणि तक्रार एकच, ‘मागच्या खोलीत चौकोन चौकोन दिसतात.’

चौकोन का दिसतात? त्यासाठी वायरीतून काय धावतं ते बघू. फुल एचडी चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, म्हणजे वीस लाखांच्या वर. सेकंदाला साठ चित्रं आणि ठिपक्यामागे 24 बिट धरले, तर सेकंदाला सुमारे 300 कोटी बिट होतात. एवढं ओझं उपग्रहावरून येत नाही. तिथून ते दाबून, घडी घालून येतं, 50 लाख ते 1 कोटी बिटांत. सेट टॉप बॉक्स ती घडी उलगडतो. घडीचा तुकडा वाटेत हरवला की पडद्यावर चौकोन दिसतात.

आपलं नारायणगाव तमाशाची पंढरी. फडाच्या मालकाला विचारा. तंबू, कनाती, पेट्या, माणसं असा सगळा फड चार-पाच गाड्यांत मावतो. तोच उभा केला की मैदान लागतं. आता कुणी म्हणालं, उभा तंबू असाच उचलून शेजारच्या गावाला न्या, तर तुम्ही हसाल. पण घरात आपण नेमकं तेच करतो. बॉक्समध्ये उलगडलेलं चित्र एचडीएमआय वायरीनं पार मागच्या खोलीपर्यंत ओढतो.

हे मी स्वतः केलंय. मंचरकडच्या एका वस्तीवर नवं घर होतं. वीस मीटरची एचडीएमआय वायर भिंतीत घातली, वरून गिलावा झाला, रंग झाला. वास्तुशांतीच्या दिवशी टीव्ही लावला तर कधी ‘नो सिग्नल’, कधी हिरव्या ठिणग्या. साधी एचडीएमआय वायर दहा-बारा मीटरच्या पुढे भरवशाची नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ‘चालेल’ म्हणालो होतो. घरातल्या आजी म्हणाल्या, “अहो दादा, तुमचं चालेल म्हणजे आमची भिंत फुटेल.” भिंत फुटली, आणि खर्च माझ्या खिशातून गेला.

तेव्हापासून माझा नियम एकच. चित्र घडीतच न्या, खोलीत गेल्यावर उलगडा. वाटणीचे मार्ग तीन, त्यातला पहिला तेवढा या नियमाला अपवाद.

पहिला मार्ग, सगळीकडे एकच चॅनेल चालणार असेल तर. बॉक्स एक आणि त्याला एचडीएमआय स्प्लिटर. लांबच्या खोलीसाठी एक्स्टेंडर लावायचा, म्हणजे चित्र लॅनच्या वायरीतून जातं. चांगल्या जातीचा एक्स्टेंडर शंभर मीटरपर्यंत नेतो. इथं चित्र उलगडलेलंच असतं, पण ते ओढायला वायर आणि यंत्र दोन्ही त्याच कामाची असतात. यात एक मेख आहे. स्प्लिटर बहुधा सगळ्या टीव्हींना झेपेल तेवढंच चित्र मागतो. एक टीव्ही जुना असला की बाकीचेही त्याच्याच पंक्तीला बसतात. बैलजोडीत एक बैल म्हातारा असला की गाडी त्याच्याच चालीनं चालते, तसं.

दुसरा मार्ग, प्रत्येक खोलीत वेगळा बॉक्स आणि गच्चीवर एकच थाळी. इथं लोक बाजारातून साधा स्प्लिटर आणून वायर दुभागतात. दोन फाटे केले की प्रत्येकाला निम्म्याहून कमी सिग्नल, चार केले की पावापेक्षा कमी. ठिबक टाकणाऱ्याला हे सांगायला नको. मेन लाइनवर हव्या तेवढ्या नळ्या जोडल्या की शेवटच्या झाडाला थेंबही पोचत नाही. शिवाय आणखी एक भानगड आहे. उपग्रहाच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन तऱ्हांनी येतात. बॉक्स थाळीच्या नाकाशी असलेल्या एलएनबीला 13 व्होल्ट पाठवतो तेव्हा एक तऱ्हा मिळते, 18 पाठवतो तेव्हा दुसरी. आजोबांचा बॉक्स 13 मागतो, नातवाचा 18. वायर एकच, मग एकाचे चॅनेल गायब. भांडण घरात लागतं, दोष स्प्लिटरचा असतो. उपाय म्हणजे दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी, नाहीतर मल्टिस्विच, आणि प्रत्येक बॉक्सला आपली स्वतंत्र वायर.

तिसरा मार्ग इंटरनेटचा. एचडीला टीव्हीमागे पाच-सहा एमबीपीएस पुरतात. पण जुन्या वाड्याच्या दोन हात जाडीच्या दगडी भिंतीपुढे वायफाय हात टेकतं. तिथं लॅनची वायरच ओढा.

आता वायरीचं दुसरं टोक बघायला आपल्याच तालुक्यातल्या खोडदकडे वळू. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. चौदा मधे दाटीनं, सोळा तीन फाट्यांवर दूरवर. आपण एका थाळीचं अनेक खोल्यांत वाटतो, तिथं अनेक थाळ्यांचं ऑप्टिकल फायबरनं एका जागी गोळा होतं. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी ही जागा निवडली, कारण डोंगरांच्या आडोशानं शहरांचा रेडिओ गोंगाट इथं कमी येतो. तिथं ऐकल्या जाणाऱ्या लहरींपैकी एक हायड्रोजनची, 1420 मेगाहर्ट्झची. आणि तुमच्या थाळीपासून बॉक्सपर्यंतच्या वायरीत काय धावतं? साधारण 950 ते 2150 मेगाहर्ट्झ. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची हाक आणि आपली मालिका, दोघींची वाट एकाच पट्ट्यातून जाते.

वायर धड असेल तर काही बिघडत नाही. आरजी-6 केबलवर जाळीचं आणि पन्नीचं कवच असतं. आतलं आत राहतं, बाहेरचं बाहेर. पण आपण काय करतो? दाताने वायर सोलतो, जाळी मागे सारतो, तांब्याला पीळ देतो आणि चिकटपट्टी गुंडाळतो. तिथं कवच फाटलं. त्यातून आतलं थोडं बाहेर झिरपतं आणि बाहेरचं आत शिरतं. केबलच्या टीव्हीवर मोबाइल टॉवरमुळे येणारे चौकोन अशाच सांध्यातून शिरू शकतात. त्याहून वाईट होता अँटेनाचा स्वस्तातला बूस्टर. बिघडला की तो सिग्नल वाढवायचं सोडून स्वतःच शिट्टी मारू लागायचा आणि पत्र्यावरचा अँटेना त्याचं प्रक्षेपण करायचा. घरमालकाला पत्ताही नसायचा. म्हणून म्हणतो, इतर तालुक्यांत खराब सांधा हा घरचा प्रश्न आहे, आपल्याकडे तो थोडा शेजारधर्माचाही आहे. शेजारी फार दूरचं आणि फार हळू बोलणं ऐकत बसलाय, हे आपल्याला माहीत आहे.

तेव्हा करायचं एवढंच. सांधे टाळा, टाळता येत नसेल तिथं नीट दाबून बसवलेला एफ-कनेक्टर लावा. गच्चीवरच्या जोडावर रबरी टोपी घाला, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी वायरीत उतरतं. प्रत्येक खोलीतून स्वतंत्र पाइप एका कपाटापर्यंत आणा. एका खोलीतून दुसरीत असं साखळीनं नेऊ नका.

आणि पाइप जाड घ्या. माझ्या हयातीत अँटेनाची चपटी दोन तारांची वायर गेली, गोल केबल आली, मग एचडीएमआय, मग लॅन, आता फायबर घरात शिरतोय. प्रत्येक वायरीच्या वेळी ‘ही शेवटची’ असंच वाटलं होतं. त्यामुळे आता नव्या घरात मी पहिल्यांदा वायर टाकत नाही. रिकाम्या पाइपात नायलॉनची दोरी सोडतो आणि दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवतो. पुढच्या पिढीला जे काही ओढायचं असेल, ते ती या दोरीला बांधून ओढेल.

ज्यांचा स्लॅब पडायचाय, त्यांनी आज जाता जाता मला भेटा. ज्यांचा पडलाय, त्यांनी उद्या सकाळी या. जरा वेळ लागेल, चहा तुमचा.