बाळाचा लंगोट : घरचा की बाजारचा?

(बिरसी, जिल्हा गोंदिया, या परिसरातील मातापित्यांसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



बिरसीचे नाव आज दूरवर पोहोचले आहे ते येथील विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रज राजवटीने येथे धावपट्टी बांधली आणि २०२२ च्या मार्चमध्ये येथून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. जग जवळ आले की बाजारही जवळ येतो. पूर्वी मोठ्या शहरांतच दिसणारे, एकदा वापरून टाकून द्यावयाचे डायपर आता खेड्यातील किराणा दुकानातही टांगलेले दिसतात. साहजिकच घरोघरी प्रश्न पडतो : बाळाला घरचा सुती लंगोट बांधावा की विकतचा डायपर घालावा?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु बाळाचे आरोग्य, आईचे श्रम, घरचा पैसा आणि गावाचे पाणी या चारही गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत. म्हणून त्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

कोरडेपणा हेच औषध

बाळंतविड्यात झबले, टोपडे, दुपटे आणि लंगोट यांना पूर्वापार मानाचे स्थान आहे. आजीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्याचे किंवा आजोबांच्या धोतराचे लंगोट शिवण्यात केवळ काटकसर नव्हती. अनेकदा धुतलेले सुती कापड नव्या कापडापेक्षा मऊ असते, ओलावा चटकन शोषते आणि हवा खेळती ठेवते.

त्याची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. सुती कापड ओलावा शोषते, पण तो धरून ठेवून त्वचा कोरडी राखू शकत नाही. एकदा ओला झालेला लंगोट तत्काळ बदलावा लागतो. नवजात बाळ ओल्या कापडात राहिले तर थंडीच्या दिवसांत त्याचे अंग गार पडते, आणि नुकत्या जन्मलेल्या, विशेषतः कमी वजनाच्या बाळाला हे धोक्याचे असते.

विकतच्या डायपरमध्ये लाकडाचा लगदा, प्लॅस्टिकचे पातळ थर आणि आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून त्याची जेली करणारी एक रासायनिक भुकटी असते. त्यामुळे वरचा थर बराच वेळ कोरडा राहतो. रात्रीची झोप मोडत नाही, प्रवासात अडचण होत नाही. हे गुण नाकारण्याचे कारण नाही.

मात्र याच गुणात धोका दडलेला आहे. डायपर महाग, म्हणून तो ‘पुरता वसूल’ व्हावा या हिशेबाने सकाळचा डायपर दुपारपर्यंत तसाच ठेवला जातो. लघवी व शी एकत्र आली की त्वचेवरील आम्लता घटते, शीतील पाचकद्रव्ये अधिक प्रभावी होतात आणि कोवळी त्वचा लाल होऊन सोलवटते. पुढे त्यावर बुरशीही चढते. पूर्व विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात प्लॅस्टिकखाली घाम साचला की हा त्रास वाढतो. तेव्हा पुरळ डायपरने येते की लंगोटाने, हा वाद व्यर्थ आहे. पुरळ येण्याचे मुख्य कारण ओलेपणा आणि बदलण्यास केलेला उशीर हेच होय. डायपर दर तीन-चार तासांनी आणि शी झाल्यास त्याच क्षणी बदलला पाहिजे. लंगोट तर ओला होताच बदलावा. दिवसातून काही वेळ बाळाला मोकळे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपचार आहे.

लंगोट बोलतो

सुती लंगोटाचा एक लाभ सहसा ध्यानात येत नाही. बाळाला अंगावरचे दूध पुरेसे मिळते की नाही, ही प्रत्येक आईची काळजी असते. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे ही दूध पुरत असल्याची साधी खूण आहे. लंगोट ओले किती झाले हे मोजता येते. सारे शोषून घेणाऱ्या डायपरमध्ये ही मोजणी अवघड होते.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिचा आधार पुढे देशाच्या कार्यक्रमाला मिळाला. या कार्यक्रमानुसार दवाखान्यात प्रसूती झालेल्या मातेकडे आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी येते. तिला ‘काल सहा लंगोट ओले झाले’ असे सांगू शकणारी आई तिचे निम्मे काम हलके करते.

हिशेब पैशांचा आणि श्रमांचा

एका डायपरला दहा रुपये पडतात असे धरू. दिवसाला सहा वापरले तर साठ रुपये, म्हणजे महिन्याला अठराशे रुपये झाले. रोजमजुरीवर चालणाऱ्या घराला हा भार पेलणारा नाही. रात्री एकच डायपर वापरला तर हाच खर्च तीनशेवर येतो. उलट, घरच्या जुन्या कापडाचे पंचवीस-तीस लंगोट शिवले तर खर्च उरतो तो साबणाचा, आणि तेच लंगोट पाठच्या भावंडालाही उपयोगी पडतात.

परंतु या हिशेबात एक रक्कम लिहायची राहून जाते. ती म्हणजे धुणाऱ्या हातांचे श्रम. बाळंतपणातून उठलेली स्त्री पाणी आणते, लंगोट धुते, आणि रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीतही उतरते. तिने रात्रीपुरता डायपर पसंत केला तर त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. ‘घरचा लंगोटच चांगला’ असे म्हणणाऱ्या घरातील पुरुषाने बादली हाती घ्यावी. त्यानंतरच त्या मताला वजन येईल. संत गाडगेबाबांनी स्वतः झाडू हाती घेऊन गावे झाडली. ज्या महाराष्ट्रात ग्रामस्वच्छतेचे अभियान त्यांच्या नावाने चालते, तेथे बापाने आपल्या लेकराचा लंगोट धुण्यात कमीपणा कसला?

धुण्याची रीत

लंगोट कसा धुतला जातो यावर त्याचे गुणदोष अवलंबून असतात. लहान बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही रोगजंतू पसरतात. म्हणून ती प्रथम शौचालयात टाकावी. नंतर लंगोट थंड पाण्यात खळबळावा, झाकणाच्या बादलीत वेगळा भिजवावा, साबण व गरम पाण्याने धुऊन साबणाचा अंश राहणार नाही इतका पिळून काढावा आणि कडक उन्हात वाळवावा. बाळाला हगवण लागली असल्यास लंगोट उकळून घ्यावेत. धुणाऱ्याने शेवटी साबणाने हात धुवावेत.

गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख. माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या यांवर येथील धान आणि मासळी पोसली जाते. या तलावांत किंवा विहिरीच्या काठावर लंगोट धुणे म्हणजे एका घरची घाण गावाच्या पाण्यात मिसळणे होय. हे पाणी घरामागील शोषखड्ड्यातच जिरवावे.

पावसाळ्यात कापड सुकत नाही आणि दमट लंगोट बुरशीला निमंत्रण देतो. अशा वेळी घरात दोरी बांधून वाळवलेल्या लंगोटावर इस्त्री फिरवावी. झडीच्या दिवसांत चार डायपर वापरावे लागले तर त्यात वावगे काही नाही.

फेकलेले कोठे जाते?

डायपर फेकला म्हणजे संपला असे नव्हे. गावात कचरा जमिनीत पुरला तरी त्यातील प्लॅस्टिक कुजत नाही. ओला डायपर नीट जळत नाही आणि जळताना विषारी धूर सोडतो. शौचालयात टाकला तर नळी तुंबते. उघड्यावर टाकला तर कुत्री ओढून नेतात.

शहरांतही तो शेवटी कोणाच्या तरी हातात येतो. पुण्यात कचरावेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने हा प्रश्न सातत्याने मांडला. असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे तो उघडून हात घालावा लागणार नाही, एवढीच त्यांची विनंती होती. केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वापरलेले डायपर नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर, आणि त्यासाठी वेष्टन पुरविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली.

इंग्लंडमध्ये २००८ साली शासकीय संस्थेने केलेल्या तुलनेत सर्वसाधारण रीतीने यंत्रात धुतलेले व वाळवलेले लंगोट आणि डायपर यांचा हवामानावरील भार जवळजवळ सारखाच आढळला. पूर्ण भरलेल्या यंत्रात धुणे, बाहेर दोरीवर वाळवणे आणि दुसऱ्या अपत्यासाठी तेच वापरणे, या तीन गोष्टी केल्या की लंगोटांचा भार ४० टक्क्यांनी घटतो असेही दिसले. यांतील शेवटच्या दोन गोष्टी बिरसीच्या अंगणात पूर्वीपासून चालत आल्या आहेत.

तात्पर्य

दिवसा व घरी सुती लंगोट. रात्री, प्रवासात आणि झडीच्या पावसात गरजेपुरता डायपर. ही मध्यम वाट बहुतेक घरांना परवडणारी व हितावह आहे. परंतु काहीही निवडले तरी तीन नियम अटळ आहेत : बाळ ओले राहू नये, घाण पाण्यात जाऊ नये आणि सारा भार एकट्या आईवर पडू नये.

भगिनींनो आणि बंधूंनो, बाळ कोणता लंगोट बांधला हे पाहत नाही. त्याला ओले टोचते एवढेच कळते. त्याच्या रडण्याला घरातील जो जवळ असेल त्याने, आई असो, आजी असो वा बाप, तत्काळ उठून उत्तर द्यावे.