परसातले फासे

(मिशनच्या कार्यकर्त्यांच्या वार्षिक मेळाव्यात, बारामती येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘वस्तीवरील शिक्षणकार्य’ असा विषय दिला होता. त्याचे आकडे तुमच्या हातातल्या अहवालात आहेत, ते सावकाश वाचा. मी आज माझ्या घरामागच्या परसाबद्दल बोलणार आहे. ही गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. कारण तिच्यात चूक माझी आहे.

आमचं भाड्याचं घर गावाच्या कडेला, इंदापूर रस्त्याच्या बाजूला आहे. मागं दीड गुंठा जागा. त्यात शेवगा, कढीपत्ता, गवती चहा, मेथीचे दोन वाफे आणि सात कोंबड्या. कुंपण बाभळीच्या फांद्यांचं, त्यामुळे दर पावसाळ्यात कुठंतरी खिंडार पडतं. कुंपणापलीकडं थोडं पडीक, त्यापुढं ऊस, आणि उसाच्या बांधाला फासेपारध्यांची पाच-सहा पालं. पालांतली मुलं संध्याकाळी आमच्या अभ्यासवर्गाला येतात. म्हणजे ही माणसं मला परकी नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी मेथी खुडायला गेले आणि पायाला दोरा अडकला. वाकून बघितलं तर कुंपणाच्या खिंडारापासून शेवग्यापर्यंत बांबूच्या काडीएवढ्या खुंट्या मातीत ठोकलेल्या. बारा होत्या. प्रत्येकीला नायलॉनच्या दोऱ्याचा फास, आणि सगळ्यांना जोडणारी एक दोरी. जोंधळा पाखडून झाला की खाली राहिलेली बणगं मी तिथंच टाकते. पहाटे तिथं तितर येतात, त्यांचं ओरडणं अंथरुणात ऐकू येतं. हे फासे तितरांसाठी लावले होते, एवढं मला कळलं. पूर्वी हे फास घोड्याच्या शेपटीच्या केसांचे नाहीतर जनावराच्या तातीचे करत. ‘फासेपारधी’ हे नावच त्यांवरून पडलं. हे सगळं मी शिबिरांमध्ये शिकवते.

पण फासे बघितल्यावर मी पहिलं काय केलं? कोंबड्या मोजल्या. सात होत्या. मग पुन्हा मोजल्या. मग पाण्याची मोटर जागेवर आहे का ते बघून आले. मग न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ. सोळा वर्षं या लोकांमध्ये काम करणाऱ्या बाईनं हे केलं. रात्री कोण आलं असेल, किती जण असतील, खिडकीतून आत बघितलं असेल का, हेच डोक्यात. ज्यांच्या मुलांची मी नखं कापते, त्यांच्याबद्दल.

खुंट्या उपटून, दोरी गुंडाळून मी उभी होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय सापडलं हो?” मी ते भेंडोळं वर धरून हसत म्हणाले, “बघा ना, पारधी येऊन गेलेले दिसतात रात्री.”

माझ्या तोंडून गेलेलं वाक्य हे एवढंच. पुढं मेथी निवडली, भाजी केली, कामाला गेले.

त्याच आठवड्यात जवळच्या एका विहिरीवरची मोटरीची केबल चोरीला गेली होती. मला ते माहीत नव्हतं. काकूंच्या घरी माहीत होतं. काकूंनी काकांना सांगितलं, काकांनी चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ‘पारधी रात्री घरांमागं फिरतात, मिशनच्या बाईंनी स्वतः बघितलं’ इथपर्यंत ते गेलं. अंधार पडल्यावर पालांपाशी पोलिसांची गाडी आली आणि दोन बाप्यांना घेऊन गेली. रात्री नऊला आमच्या वर्गातली एक मुलगी सांगायला आली. तेव्हाच उठून जायला हवं होतं. रात्रीचं जाऊन काय होणार, सकाळी मंडळीतल्या कुणाला तरी बरोबर घेऊ, असं म्हणून मी झोपले. झोप लागली नाही हे खरं, पण अंथरुणात होते हेही खरं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. दुपारी दोघांना सोडलं. गुन्हा नाही, नोंद नाही, केबलही त्यांच्याकडं सापडली नाही. दोघांतला धाकटा चालताना एक पाय जपून टाकत होता. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

हा धाकटा त्या उसाचा राखणदार होता. आपल्या बारामती-इंदापूर भागात ही मोठी विचित्र गोष्ट आहे. पारधी म्हटला की चोर, आणि शेत राखायला माणूस हवा असला की तोच पारधी. तो बांधावर आहे म्हटल्यावर दुसरा कुणी शेतात पाय टाकत नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. पण पोलिसांनी नेलेला राखणदार कोण ठेवणार? आठवड्याच्या आत मालकानं त्याला नको म्हणून सांगितलं.

आता थोडा इतिहास सांगते. तुमच्यातल्या तरुणांना तो माहीत नसतो. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये तो वाढवून आपल्या मुंबई इलाख्यातही आणला. माणसानं काही केलेलं असो-नसो, त्या जमातीत जन्मला म्हणून त्याचं नाव वहीत. पाटलाकडं नाहीतर पोलिसाकडं हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी काढायची. काही जमातींना तारेच्या कुंपणात वसाहती करून ठेवलं. सोलापूरची सेटलमेंट तर सगळ्यांना ठाऊक आहे. देश १९४७ ला मोकळा झाला, पण हा कायदा देशभरातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. पाच वर्षं आणि सोळा दिवस उशिरा. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात.

आणि एक गोष्ट आपण मिशनच्या माणसांनी विसरू नये. अशा कितीतरी वसाहती चालवायला सरकारनं मिशनऱ्यांकडं दिल्या होत्या. साल्व्हेशन आर्मीनं उत्तरेत असं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हाती घेतलं. तिथं शाळा होत्या, दवाखाने होते, प्रेमानं काम करणारी माणसं होती, हे नाकारायचं कारण नाही. पण हजेरीची वहीसुद्धा त्यांच्याच टेबलावर होती. मी वर्गात रोज संध्याकाळी मुलांची हजेरी घेते, तेव्हा अलीकडं ते आठवतं.

कायदा गेला, वही गेली. पण काकूंच्या भिंतीपाशी मी जे बोलले, त्यानं एका दिवसात त्या वहीचं काम केलं.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केली आहे. डिप्लोमा करताना तिच्यावर मी चांगली चार पानं लिहून मार्क मिळवले होते. ती आज्ञा मी मोडली का? मी खोटं काहीच बोलले नव्हते. फासे माझ्याच परसात होते, ते पारध्यांचेच होते. पण ज्याच्याबद्दल लोकांचं मत आधीच ठरलेलं आहे, त्याच्याबद्दलचं खरं वाक्यही चारचौघांत गेलं की त्याचं काय होतं, हे मला कळायला हवं होतं. हेच वाक्य मी काकूंच्या मुलाबद्दल बोलले असते, तर काकू हसल्या असत्या आणि विषय तिथंच संपला असता.

आणखी एक सांगते. आपल्या मराठी शास्त्रात ९१ व्या स्तोत्रात पारध्याच्या पाशाचा उल्लेख आहे, १२४ व्यातही आहे. ज्यांनी भाषांतर केलं त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पारध म्हणजे शिकार, म्हणून शिकार करणारा तो पारधी, एवढाच त्यांचा अर्थ. आम्ही ९१ वं स्तोत्र वर्गाच्या शेवटी नेहमी म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, “बाई, देव तुम्हाला आमच्यापासून वाचवतो का?” मी म्हणाले, अगं, तिथं शिकारी असा अर्थ आहे. ती म्हणाली, “पण लिहिलंय पारधी.” तेव्हापासून वर्गात मी तिथं ‘शिकारी’ म्हणते. भाषांतर सुधारल्याचं मला फार समाधान होतं. आणि कुंपणाशी दोरा दिसल्याबरोबर मी कोंबड्या मोजल्या.

चार दिवसांनी ते भेंडोळं पिशवीत घालून मी पालांवर गेले. माझ्या मागच्या दारापासून शंभर पावलंसुद्धा नाहीत. राखणदाराची आई चुलीपाशी बसली होती. या बाईचं वय कुणालाच सांगता येत नाही, तिलाही नाही. मी पिशवी पुढं ठेवली आणि घडलं ते सांगितलं. माझ्या तोंडून गेलं, त्यामुळं हे झालं, असं सरळ सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग भेंडोळं उलगडून एकेक फास बोटावर ओढून बघू लागली. चौथ्या-पाचव्या फासाला थांबली आणि चक्क हसली.

“पोरानं गाठ चुकवली,” ती म्हणाली. “ह्यात चिमणी बी अडकली नसती.”

फासे तिच्या नातवानं लावले होते. चौथीत आहे, रोज माझ्यासमोर बसतो. माझ्या परसात तितर उतरतात हे त्यानं अभ्यासवर्गाला येता-जाता बघितलं होतं. आजोबा होते तेव्हा त्यांनी त्याला गाठ शिकवायला सुरुवात केली होती, ती अर्धी राहिली. रात्री टोळी बिळी कुणी आली नव्हती. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर, मी आत दिवा लावत असताना, दहा वर्षांच्या पोरानं एकट्यानं ते केलं होतं. मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, “एकच धरणार होतो.”

तितर धरणं कायद्यानं गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून. मी त्याला तसं सांगितलं आणि त्याच्या आजीलाही सांगितलं, त्यात गुळमुळीतपणा केला नाही. पण या माणसांचं माळरान कुठं गेलं, तेही आपण बघावं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानं बारामतीचा बागायती पट्टा उसाखाली आला. सुप्याच्या माळावर चिंकारांसाठी १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं, तेही योग्यच झालं. उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी बघायला लोक लांबून कॅमेरे घेऊन येतात आणि पक्षी दाखवणाऱ्या नावाड्यांना पैसे देतात. पण पायाच्या ठशावरून पाखरू ओळखणाऱ्या या पोराला ते दाखवायचं काम द्यावं, असं अजून कुणाच्या मनात आलेलं मी ऐकलं नाही. माझ्याही मनात हे आत्ता, बोलता बोलताच आलं.

निघताना म्हातारीनं मला एकच विचारलं. “बाई, तू भिंतीकडं बोललीस. हिकडं का नाही आलीस?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शास्त्र्यानं येशूला शेजाऱ्याबद्दल विचारलं, तेव्हा येशूनं त्याला शोमरोन्याची गोष्ट सांगितली. ती मी किती वस्त्यांवर, किती वेळा सांगितली असेल. सांगताना मी स्वतःला नेहमी त्या शोमरोन्याच्या जागी धरत आले. रस्त्यावर पडलेल्याला बघून पलीकडून निघून जाणारे दोघे देवाच्याच कामावरचे होते, याकडं माझं कधी फारसं लक्ष गेलं नाही.

पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. मी उसाच्या मालकाकडं गेले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, ‘तोडणी होऊ द्या, मग बघू’ म्हणाले. तोडणी झाली, अजून बघितलेलं नाही. काकूंना मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “असेल बाई, पण सावध राहिलेलं बरं.” टपरीवर जाऊन सांगायचं धाडस मला दोन आठवड्यांनी झालं. तोवर तिथं दुसरा विषय चालू होता. राखणदार आता इंदापूरकडं एका वीटभट्टीवर आहे, महिन्यातून एकदा येतो. पोरगा वर्गाला येतो. पहिले काही दिवस तो दाराशीच बसायचा.

आणि म्हातारीचं एक काम माझ्याकडं आहे. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात, पण नातवाला आश्रमशाळेत घालायचं, पुढं शिष्यवृत्ती मिळवायची, तर जातीचा दाखला लागतो. दाखल्याला घराण्याचा १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांना तेव्हा कुठल्या गावानं टिकू दिलं नाही, त्यांनी गावचा कागद कुठून आणायचा? म्हातारीला तिचा सासरा कुठं हजेरी द्यायचा त्या गावाचं नाव आठवतं. त्या गावच्या जुन्या दप्तरात, त्या हजेरीच्या वहीत, त्याचं नाव सापडलं तर तोच पुरावा धरता येईल का, हे आम्ही विचारतो आहोत. तहसील कचेरीत दोन खेपा झाल्या. तिसरी येत्या मंगळवारी आहे. म्हातारी बरोबर येणार आहे, पण कचेरीत तिला कुणी खुर्ची देत नाही आणि मी एकटी असले की मलाही फार वेळ उभं करतात. तुमच्यातल्या दोघा-तिघांना मोकळीक असेल तर सकाळी दहाला आमच्या घरी या. मागच्या बाजूनं या, कुंपणाला वाट आहे.