गॅलापागोसची बेटे आणि माणसाचा वाटा



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहीजणांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेच्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे. त्याला पॅसिफिक महासागरातल्या ज्वालामुखीच्या बेटांशी आणि तिथल्या पशुपक्ष्यांशी काय कर्तव्य? परंतु पशुपक्षी पाहण्यासाठी ज्या बेटांकडे सारे जग बोटीने धाव घेते, त्या बेटांची कथा ही मुळात वाट्याची कथा आहे. पशूंचा वाटा किती, पाहुण्यांचा किती आणि तिथे राहून पोट भरणाऱ्यांचा किती, हा तो प्रश्न आहे. आणि वाट्याचा प्रश्न निघाला की आमच्यासारख्यांचा जीव त्यात गुंतायचाच.

गॅलापागोस हा द्वीपसमूह दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाचा. त्या देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला, विषुववृत्तावर तो पसरला आहे. पृथ्वीच्या पोटातल्या एका उष्ण जागेवरून समुद्राचा तळ हळूहळू पूर्वेकडे सरकतो. लाव्हा वर येतो, बेट तयार होते आणि तळाबरोबर पुढे जाते. म्हणून पूर्वेची बेटे जुनी व झिजलेली, तर पश्चिमेची तरुण व अजून धुमसणारी. फर्नांदिना बेटावरचा ज्वालामुखी २०२४ च्या मार्चमध्ये फुटला होता. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे, तोही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. तेव्हा तिथल्या जमिनीचा रंग आपल्याला अगदी अनोळखी वाटू नये.

ही बेटे मुख्य भूमीला कधीच जोडलेली नव्हती. जो जीव तिथे पोचला तो उडत, पोहत किंवा वाहत आला. वाघ-लांडग्यासारखा शिकारी पशू तिथे पोचलाच नाही. म्हणून पळण्याची आणि भिण्याची सवय तिथल्या प्राण्यांना लागली नाही. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारा आणि पोटात गेलेले मीठ नाकातून शिंकरून टाकणारा इग्वाना नावाचा मोठा सरडा तिथे आहे. उडणे विसरलेला पाणकावळा तिथे आहे. थंड प्रवाहांच्या कृपेने विषुववृत्तावर पेंग्विनही नांदतो. पाहुणा दोन हातांवर आला तरी निळ्या पायांचा बूबी पक्षी अंड्यांवरून उठत नाही.

ह्या निर्भयपणाची किंमत मात्र प्राण्यांनी भरपूर मोजली. १५३५ साली पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा ह्यांचे जहाज वाहत तिथे लागले. पुढे देवमाशांची शिकार करणारी जहाजे येऊ लागली. महाकाय कासव अन्नपाण्यावाचून अनेक महिने जगते, हे खलाशांना कळले आणि जिवंत कासवे जहाजांच्या तळाशी रचली जाऊ लागली. अशी एक लाखाहून अधिक कासवे नेली गेली असा अंदाज आहे. १८३५ साली चार्ल्स डार्विन तिथे पाच आठवडे होता. त्याच्या जहाजावरही कासवाचे मांस शिजत होते. पिंता बेटावरच्या जातीचे शेवटचे कासव २४ जून २०१२ रोजी मेले आणि ती जात संपली.

१९५९ साली इक्वेडोरने तिथे राष्ट्रीय उद्यान स्थापन केले आणि वस्ती व शेतीची जागा सोडून सुमारे ९७ टक्के जमीन राखून ठेवली. आज बोटीने फिरणाऱ्या पाहुण्यावर पुष्कळ बंधने आहेत. उद्यानाचा परवाना असलेला वाटाड्या बरोबर हवा. एका वाटाड्यामागे १६ च माणसे. आखलेली पायवाट सोडायची नाही, प्राण्यापासून दोन मीटर दूर राहायचे. एका बोटीवर १०० हून अधिक प्रवासी नाहीत, आणि तीच बोट त्याच जागी १४ दिवसांच्या आत पुन्हा नाही. कारखान्यात यंत्राला जाळी असते, ती कामगाराचा हात वाचविण्यासाठी. हे नियम तसेच आहेत, आणि त्यांचा गुणही दिसला आहे. एस्पान्योला बेटावर अवघी १४ कासवे उरली होती. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयातून आणखी एक आणून, त्यांची पैदास करून, सुमारे २,००० कासवे बेटावर परत सोडली. आणि २०२० साली ती पंधरा म्हातारी कासवेही आपल्या घरी गेली.

पण नियम पाळणाऱ्या बोटीलाही तेल लागते. जानेवारी २००१ मध्ये 'जेसिका' नावाचे तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबाल बेटाजवळ खडकावर चढले आणि लाखो लिटर तेल समुद्रात गेले. त्यातले काही तेल पर्यटकांच्या बोटीसाठीच चालले होते. पुढच्या वर्षभरात सांता फे बेटावरचे निम्म्याहून अधिक समुद्री इग्वाना मेले, असे शास्त्रज्ञांना आढळले.

आता माणसांकडे वळू. १९७४ साली तिथे सुमारे ४,००० माणसे राहत होती. २०२२ च्या जनगणनेत ती २८,००० च्या वर गेली. १९९० नंतर आशियातल्या व्यापाऱ्यांनी समुद्रकाकडी ह्या प्राण्याला मोठा भाव दिला आणि मुख्य भूमीवरून कोळ्यांची रीघ लागली. १९९४ च्या ऑक्टोबरात तीन महिन्यांच्या हंगामाला परवानगी देऊन साडेपाच लाखांची मर्यादा घातली. प्रत्यक्षात काही दशलक्ष काढल्या गेल्या आणि डिसेंबरातच हंगाम बंद झाला. तेव्हा १९९५ साली चिडलेल्या कोळ्यांनी उद्यानाच्या कचेरीला आणि संशोधन केंद्राला वेढा घातला, कासवांना इजा करण्याची धमकी दिली.

मुक्या जिवाला ओलीस धरणे हे मी कधीही योग्य म्हणणार नाही. परंतु आयुष्यभर संप पाहिलेल्या माणसाला त्या धमकीमागचा प्रश्न ऐकू येतो. पाहुण्यांच्या पैशावर बोटींचे मालक श्रीमंत होतात, कासवाला रखवालदार मिळतो, आणि ह्याच पाण्यावर जगणाऱ्याच्या पदरात मात्र बंदीच का पडावी?

१९९८ च्या खास कायद्याने ह्या प्रश्नाला अर्धे का होईना उत्तर दिले. बेटांभोवतीचे ४० सागरी मैल पाणी राखीव झाले. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांना तिथे मासेमारी बंद झाली. ती स्थानिक परवानाधारक कोळ्यांनाच राहिली. बाहेरून येऊन वस्ती करण्यावर बंधन आले, नोकरीत स्थानिकांना अग्रहक्क मिळाला, प्रवेशशुल्कातला भाग तिथल्या नगरपालिकांना मिळू लागला. कोळी, वाटाडे, पर्यटनवाले, शास्त्रज्ञ आणि उद्यानाचे अधिकारी एका मेजाभोवती बसू लागले.

ह्यामुळे सारे सुरळीत झाले असे नाही. समुद्रकाकड्या पुढेही घटतच गेल्या, आणि २००७ ते २०१० ह्या काळात युनेस्कोने ही बेटे धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातली. पण २०१७ च्या ऑगस्टमध्ये ६,६०० हून अधिक शार्क मासे भरलेले एक चिनी जहाज राखीव पाण्यात पकडले गेले, तेव्हा बेटवासी त्या जहाजाविरुद्ध रस्त्यावर उतरले. बावीस वर्षांपूर्वी त्याच बेटांवर उद्यानाच्या दाराला वेढा पडला होता! समुद्रात आपला हिस्सा आहे असे ज्याला वाटते, तो त्याचा रखवालदार होतो, असा ह्याचा अर्थ मी लावतो.

प्रश्न अजून मिटलेला नाही. बोटींवरच्या जागांना मर्यादा आहे, पण बेटावरच्या खानावळीत उतरणारे पाहुणे वाढत गेले. २०२३ साली एकूण पाहुणे तीन लाखांच्या वर गेले. त्यांच्यासाठी पाणी, वीज, घरे, कामाची माणसे हवीत. १ ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी प्रौढ पाहुण्यांचे प्रवेशशुल्क १०० वरून २०० डॉलर झाले आहे. हा पैसा कोणाच्या हाती पडतो आणि कसा खर्च होतो, ह्यावरच त्या पेंग्विनाचे आणि त्या कोळ्याचे भवितव्य ठरेल. दोघांना एकमेकांचे शत्रू करून कोणीच वाचणार नाही.