महाविद्यालयाची पायरी चढण्यापूर्वीं



जून महिना उजाडला कीं मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतींत, आमच्या इमारतीच्या जिन्यांत, एकच विषय ऐकूं येतो. कोणाच्या मुलाला कोणतें महाविद्यालय मिळालें, वसतिगृहांत जागा आहे कीं नाहीं, तेथील जेवण कसें. गादी, बादली, कुलूप यांच्या याद्या होतात. त्या याद्यांत एक गोष्ट मात्र मला क्वचितच आढळते. मुलानें अथवा मुलीनें आजवर कोणत्या लशी टोचून घेतल्या व कोणत्या राहिल्या, याचा हिशेब! तोच आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

मी कांहीं वैद्य नव्हें. मॅट्रिक होऊन मास्तर झालों आणि पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत आयुष्य गेलें. तरीहि हा विषय घेण्यास एक कारण घडलें. तें आधीं सांगतों.

२०१८ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्रांत गोवर-रुबेला लशीची मोठी मोहीम निघाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती लस देण्यांत येत होती. माझ्या सातवीच्या वर्गांतील एका मुलाच्या वडिलांनीं नकार कळविला. मोबाइलवर कोणीतरी भीतिदायक मजकूर धाडला होता, त्यावर त्यांचा विश्वास बसला होता. मीं वहींत 'पालकांचा नकार' असें लिहिलें आणि स्वस्थ बसलों. त्यांचें घर शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. मी गेलों नाहीं. सहा वर्षांनीं तो मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठीं वसतिगृहांत राहूं लागला. तेथें त्याला गोवर झाला, पाठोपाठ न्यूमोनिया झाला आणि परीक्षा बुडाली. बरा झाल्यावर तो मला भेटावयास आला. त्यानें मला दोष दिला नाहीं. त्या वहीची त्याला माहितीच नव्हती. मला मात्र होती.

गोवर हा लहान मुलांचा रोग, अशी आपली समजूत असते. वास्तविक रोग वय पाहत नाहीं. तो संरक्षण आहे कीं नाहीं तेवढेंच पाहतो. गोवराच्या एका रोग्यापासून संरक्षण नसलेल्या बारा ते अठरा माणसांना लागण होऊं शकते. मग एका खोलींत तीन खाटा, शंभर मुलांची एक खाणावळ आणि एकमेकांचे पेले व टॉवेल वापरण्याची रीत असेल, तेथें काय होईल याची कल्पना करावी. कांजिण्यांचेंहि तसेंच. बालपणीं त्या आठवड्यांत आटोपतात. तरुणपणीं त्याच अधिक त्रास देतात.

आतां हिशेब कसा करावा तें पाहूं. पहिली नोंद धनुर्वात व घटसर्प यांवरील टीडी लशीची. राष्ट्रीय लसीकरणांत ती दहाव्या व सोळाव्या वर्षीं देतात. सोळाव्या वर्षाची मात्रा दहावीच्या गडबडींत सर्रास राहून जाते. दुसरी नोंद गोवर-रुबेलाची. तिच्या दोन मात्रा झालेल्या असाव्यात. तिसरी 'ब' प्रकारच्या काविळीची. ही लस सरकारी लसीकरणांत देशभर २०११ च्या सुमारास आली. म्हणजे त्यापूर्वीं जन्मलेल्या पुष्कळ मुलांना ती मिळालेली नसण्याचा संभव आहे. तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पुऱ्या होतात. वैद्यकीय अथवा परिचर्येच्या शिक्षणास जाणाऱ्यांनीं तर तिच्याकडे मुळींच दुर्लक्ष करूं नये. कारण हा रोग रक्तावाटे पसरतो.

चौथी विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची. बाहेरचें पाणी व बाहेरचें अन्न ज्यांच्या नशिबीं आलें, त्यांना हिचा उपयोग अधिक. आपल्या शेजारच्या नवी मुंबई महानगरपालिकेनें २०१८ मध्यें मुलांना या लशीची नवी जात देण्याची मोहीम काढली होती. कांजिण्या आल्या नसतील तर त्यांच्या लशीच्या दोन मात्रांविषयीं विचारावें. मुलींच्या आयांनीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीची चौकशी संकोच न करतां करावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें अशी लस २०२३ मध्यें बाजारांत आणली. पंधराव्या वर्षापूर्वीं आरंभ केल्यास दोन मात्रा पुरतात, त्यानंतर सामान्यतः तीन लागतात. परदेशीं शिकावयास जाणाऱ्यांस तेथील महाविद्यालय मेंदूज्वरावरील लशीचा दाखलाहि मागूं शकतें. तो आयत्या वेळीं मिळत नाहीं.

लस म्हटली कीं कित्येकांच्या मनांत शंका येते. ती येऊं नये असें मी म्हणत नाहीं. परंतु आपण मुंबईच्या छायेंत राहतों आणि या शहरानें लशीचा मोठा इतिहास पाहिला आहे. १४ जून १८०२ रोजीं हिंदुस्थानांतील पहिली देवीची लस मुंबईंतच ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यांत आली. १८९६ मध्यें प्लेग आला तेव्हां डॉ. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. दुसऱ्याला सांगण्यापूर्वीं स्वतः करून दाखविणें, हा धडा आम्हां शिक्षकांनींहि घेण्यासारखा आहे. माझ्या दंडावर देवी काढल्याचा व्रण आहे. माझ्या मुलांच्या दंडावर तो नाहीं, कारण १९८० मध्यें देवी जगांतून नाहींशा झाल्याचें जाहीर झालें. तो व्रण नसणें हेंच लशीचें प्रमाणपत्र होय.

शेवटीं कामाच्या चार गोष्टी. आजच कपाट उघडा व लसीकरणाचें जुनें कार्ड शोधा. सांपडलें तर त्याची एक प्रत मुलाच्या कागदपत्रांत ठेवा. न सांपडल्यास अंदाज बांधूं नका. आपल्या डॉक्टरांकडे जा आणि काय राहिलें असेल तें त्यांनाच ठरवूं द्या. एखाद्या औषधाची ॲलर्जी, चालूं असलेला आजार अथवा गर्भावस्था असल्यास तें आधीं सांगा. कांहीं लशी अशा वेळीं देत नाहींत. सुई टोचल्यावर अर्धा तास तेथेंच बसा. हें सर्व वसतिगृहांत जाण्याच्या आदल्या दिवशीं होण्यासारखें नाहीं. दोन मात्रांमध्यें कांहीं आठवडे जावे लागतात.

आणि आपल्या शेजारीं कोणी नकार देत असेल, तर वहींत लिहून मोकळे होऊं नका. दहा मिनिटांची वाट असेल तर चालून जा. मी गेलों नाहीं, म्हणून आपल्याला सांगतों.