महारकीपासून बिंदुनामावलीपर्यंत

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



समितीने आम्हाला विषय दिला तो 'मंत्री, नोकरभरती आणि कायदा' असा. ऐकायला कोरडा वाटेल. पण ज्या घरात पहिली सरकारी नोकरी आली, त्या घराची सगळी कहाणी या तीन शब्दांत आहे. म्हणून द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीतले दोन निर्णय आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. एक कायद्याचा, दुसरा नोकरीचा.

आधी कायद्याचं बघू. सरकारी काम आपल्या पूर्वजांना नवीन नव्हतं. सांगावा पोचवायचा, सरकारी साऱ्याची थैली न्यायची, गावात अंमलदार आला की त्याची सरबराई करायची. याला म्हणायचं महारकी. मोबदला काय, तर वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागायचं बलुतं. पगार ठरलेला नाही, कामाचे तास नाहीत, राजीनामा तर नाहीच. घरातला एक गेला नाही तर दुसऱ्याने जायचं. आणि हे सगळं १८७४ च्या वतन कायद्याने पक्कं केलेलं! बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. सरकारची साथ मिळाली नाही, आणि १९२९ मध्ये ते त्यांना मागे घ्यावं लागलं.

जे १९२८ ला अडलं, ते तीस वर्षांनी मार्गी लागलं. यशवंतरावांच्या सरकारने कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. जन्माने गळ्यात पडलेली चाकरी त्या दिवशी कायद्याने सुटली. ठराविक रक्कम सरकारात भरली की वतनाची जमीन त्याच घराला पुन्हा मिळण्याची सोयही त्यात होती. ज्यांना कळलं आणि ज्यांच्या गाठीला पैसा होता, त्यांनी ती करून घेतली. ज्यांना कुणी सांगितलंच नाही, त्यांची राहिली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत.

आता नोकरीचं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. १ नोव्हेंबरला यशवंतराव मुख्यमंत्री झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. समाज पोरका झाला आणि त्याच वेळी एक पेच उभा राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंनाच होत्या. १९५६ साली शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. म्हणजे अर्जावर 'बौद्ध' लिहिलं की राखीव जागा गेली. मुलाची फी माफ व्हावी म्हणून बापाने जुना धर्म लिहावा का? किती घरांत यावरून रात्र रात्र झोप लागली नसेल!

महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली, १९६० मध्ये, राज्य सरकारने नवबौद्धांना अनुसूचित जातींच्या शैक्षणिक आणि नोकरीच्या सवलती लागू केल्या. धम्म न सोडता सरकारी नोकरीचं दार उघडलं. शिक्षक, तलाठी, कारकून, नर्स म्हणून आपली माणसं लागली ती या दाराने. त्याबद्दल यशवंतरावांचं ऋण आपण मोकळ्या मनाने मानलं पाहिजे.

पण बंधू-भगिनींनो, राज्याचा हुकूम राज्यापुरता. रेल्वे, पोस्ट, बँका यांचं दार बंदच राहिलं. १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह झाला, हजारो माणसं तुरुंगात गेली. बौद्धांना सवलती द्या, ही त्यातली एक मागणी होती. केंद्राने ती मान्य केली १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना. मुंबईहून निघालेल्या न्यायाला दिल्लीला पोचायला तीस वर्षं लागली! एक अख्खी पिढी वयोमर्यादा ओलांडून गेली.

राज्यातही आरक्षण बरीच वर्षं शासन निर्णयांवर चाललं. शासन निर्णय म्हणजे सरकारने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद, तो सरकार बदलूही शकतं. कायद्याला विधिमंडळ लागतं. महाराष्ट्राचा लोकसेवा आरक्षण कायदा २००१ साली मंजूर झाला आणि २९ जानेवारी २००४ पासून अमलात आला. त्यात अनुसूचित जाती आणि बौद्ध मिळून १३ टक्के जागा आहेत. जाणूनबुजून कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला ९० दिवसांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे.

तरी जागा भरल्या जातात का? कायदा कपाटात असतो, नोकरी बिंदुनामावलीत असते. कुठली जागा कुणाची, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. आणि जागा कंत्राटदारामार्फत भरली, तर त्या वहीपर्यंत प्रश्न जातच नाही. बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला होता. तरुणांनी आणि विरोधी पक्षांनी आवाज उठवला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. जागं राहिलं तर असं होतं.

वतनाच्या जमिनीचं आम्ही मघाशी म्हटलं ते हेच. कायदा मंत्री करतो, पण तो घरापर्यंत आणायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं. म्हणून विहार समितीला आमची विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास भरतीच्या जाहिराती मोठ्याने वाचल्या जाव्यात. कुणाचा जातीचा दाखला राहिला, कुणाची जातपडताळणी अडली, याची वही ठेवावी. राज्याचा दाखला निराळा, केंद्राच्या नमुन्यातला निराळा, हे दहावीच्या मुलाला आत्ताच सांगावं. जे नोकरीतून निवृत्त झालेत, त्यांनी अर्ज भरून द्यायला बसावं. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, त्यात शासन निर्णय वाचायला शिकणंही आलं.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!